ग्राव

बाबा काजूच्या भट्टीवर बसायचे तेव्हा
त्यांच्या हातात काचेची एक नळी असायची.
ती फेणीत सोडायची, स्थिर होऊ द्यायची.
पाणी किती, तेज किती, नळी सांगायची.
सतरा ग्राव. अठरा ग्राव. एकोणीस.
मी शेजारी बसून एवढेच शिकले
की धुराने डोळे चुरचुरले तरी
पहिली धार कुणाला द्यायची नाही.

आता ताळगावच्या पठारावर
माझी भट्टी टेबलावर मावते.
व्हॅक्यूमखाली सॉल्व्हंट उडते, फ्लास्क गरगरतो,
आणि चौदा पायऱ्यांच्या शेवटी
काचेला चिकटून उरतात अकरा मिलिग्रॅम,
पिवळट, कसलासा भुसा.
त्याला अजून नाव नाही, वहीतला आकडा आहे.
यातूनच, गाईड म्हणतात, कधीतरी
साखर उतरवणारी, पण खोल न ढकलणारी
गोळी होईल.
कधीतरी म्हणजे मी पन्नाशीला येईन तेव्हा.
बाबा एकोणऐंशीचे आहेत.

मार्चमधल्या मंगळवारी फोन आला. सत्यवतीचा,
भट्टी आता तिचा घरवाला चालवतो.
"गो, तुजो बापूय..."
बाबांनी सकाळची गोळी घेतली होती.
मग सकाळची गोळी घेतली होती.
मग डबी उघडी दिसली म्हणून
(शिस्तीचा माणूस)
सकाळची गोळी घेतली.
जेवायचे तेवढे राहिले.
भट्टीच्या दगडावर घामाने निथळत
ते सत्यवतीला आईच्या नावाने हाका मारत होते.
आई जाऊन नऊ वर्षे झाली.
मशीनवर एक्केचाळीस.
तिने बोंडूंच्या राशीखाली रात्रभर ठिबकलेला नीरो
पेल्यातून त्यांच्या ओठांना लावला, घोट घोट.
दहा वर्षे मी त्यांना ज्याचा वासही घेऊ दिला नाही
तेच पिऊन ते परत आले,
मिशी पुसत म्हणाले,
"बोंडू बरे पिकल्यात."

वाळपईच्या डॉक्टर क्विटेरिया
रिपोर्ट पालथा ठेवून म्हणाल्या, ही गोळी बंद.
तीन महिन्यांची सरासरी आठ, साडेआठ,
चालेल मला.
मी म्हटले, सातवर आणली होती आम्ही. सातवर!
त्या म्हणाल्या, कुणासाठी?

मी प्लेटवर दुसरा ठिपका दिसला
की पुन्हा कॉलम लावणारी,
नव्याण्णवच्या पुढल्या दशांशासाठी रात्र काढणारी.
एसटी स्टँडवर बसून राहिले. दोन बस सोडल्या.

रेणू बांधायचा तर आम्ही तो आधी मोडतो, कागदावर.
उलटा बाण काढतो, एक बंध तोडतो, मागे जातो,
आणखी मागे,
बाजारात बाटलीत मिळेल इतक्या साध्यापर्यंत.
बाबाही तसेच निघालेत.
आधी मी सुटले, मग आईचे मरण,
मग आईशी झालेले लग्न.
परवा ते म्हादईत म्हशी धूत होते
आणि मला विचारत होते, तू कुणाची?
फक्त त्यांच्या कागदावर
सुलटा बाण काढायला जागा नाही.
मी शोधली. समासातही नाही.

शनिवारी चहा केला.
त्यांच्या कपात साखर घालताना हात थांबला,
सवयीने. मग घातली, अर्धा चमचा,
आणि कुणी बघत नसताना आणखी थोडी.
बाबा उठले. कपाटाच्या वरच्या खणातून
नेमकी, पहिल्याच प्रयत्नात, ती नळी काढली.
गंजीला पुसली, चहात सोडली.
कप उथळ. नळी बुडाला टेकून कलली.
तरी ते डोळे बारीक करून वाचत राहिले.

"किती?" मी विचारले.
"थांब गो. निवूंक जाय."

चहावर साय धरली.
सत्यवती बोंडूंची पाटी घेऊन अंगणातून गेली,
काय चाललेय म्हणून क्षणभर थांबली.
आम्ही दोघे कपावर वाकून
आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होतो.